झाकण काढलेली बॅटरी

आमच्या भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. आमची बॅटरी तीन सेलची, पत्र्याची होती आणि तिच्या भरवशावर मेंढ्यांचा कळप होता. थंडीत कापूस निघाला की शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. कळप आबा, म्हणजे माझे वडील, आणि नाना, म्हणजे धाकटे चुलते, यांचा सामाईक. दिवसा नाना चारत, रात्री आबा मेंढ्या कोंडलेल्या जाळीपाशी राखण करत. लांडगा उजेडाला बिचकतो, निदान आमच्या जिंतूरकडचा तरी बिचकत असे.

त्या थंडीत लांडग्याने दोन कोकरं नेली. आबा म्हणाले, बॅटरी लावली होती, पण उजेड जाळीपर्यंत पोचलाच नाही. नाना म्हणाले, डोळा लागला असेल. भावाभावांत एवढं खपून गेलं असतं, पण त्याच सुमारास जिंतूरला मीटर आलं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने ते आणलं होतं. किती करंट वाहतो हे काट्याने दाखवणारी एक काळी पेटी. तिच्या आगमनाला नारळ फुटला, हार पडला, काचेला हळदकुंकू लागलं. एका पुढाऱ्याने विज्ञानयुगावर भाषण केलं. त्याला मीटर कशाचं आहे हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं, पण त्याने भाषणात काही फरक पडला नाही. मग बाजाराच्या दिवशी लोक वैद्याला नाडी दाखवावी तसे बॅटऱ्या दाखवायला येऊ लागले. काटा उजवीकडे गेला की बॅटरीचा मालकही जरा ताठ होई.

नाना आमची बॅटरी घेऊन गेले. त्याआधी आईने सेल माळवदावर उन्हात ठेवले होते. उन्हाने सेलात जीव येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि परक्या माणसापुढे मरगळलेले सेल नेणं बरं दिसत नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर पोरांची तोंडं धुतात, त्यातलाच प्रकार. सेल कोमट असतानाच नाना दुकानात पोचले. दुकानदाराने मागचं झाकण काढून बाजूला ठेवलं, मीटरची एक तार सेलाच्या बुडाला टेकवली, दुसरी नळीच्या काठाला, आणि खटका दाबला. काटा तीनशेवर गेला. बल्बला हवा तेवढाच करंट.

नाना घरी आले ते निकाल घेऊनच.

"मीटर म्हणायलंय बॅटरी ठणठणीत हाय. मंग बिघाड कशात हाय, दादा?"

"मीटर आलतं का राखणीला?" आबांनी विचारलं.

"आलं आसतं तर बरं झालं आसतं. त्याला झोप येत न्हाई."

आबा जेवता जेवता उठले. दोन दिवसांत वाटणीची भाषा सुरू झाली. अर्धा कळप कुणी रानात बसवून घेत नाही, तेवढ्या लेंड्यांनी शेताचं काही होत नाही. म्हणजे वाटणी झाली की दोघांचाही धंदा बसणार होता. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणूनच माघार कुणी घेईना.

मी परभणीच्या कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि सुट्टीला आलो होतो. माझं मत कुणी विचारलं नाही, पण दुकानदाराला बोलावून आणायला मलाच पाठवलं. नानांना पंचांपुढे पुरावा हवा होता. त्या दिवशी नामांतराच्या बंदमुळे एसटी नव्हती. दुकानदार सायकलवर, मीटर पोटाशी बांधून आला.

पंच सकाळीच मारुतीच्या देवळात बसले. आबा थेट रानातून आले. बॅटरी दवाने ओली होती, सेल गार. दुकानदाराने झाकण काढून तारा लावल्या आणि खटका दाबला. काटा अडीचशेच्या आसपास थांबला.

"उतरला की रं," एक पंच म्हणाले.

"थंडीनं," दुकानदार म्हणाला. "सेलाला बी थंडी वाजती."

"तरी बक्कळ हाय," नाना म्हणाले.

देवळात अंधार होता, म्हणून मी बल्बकडे पाहिलं. इतके दिवस सगळे काट्याकडेच पाहत होते, बॅटरी उजेडासाठी असते हे मीटरपुढे कुणाला आठवत नसे. बल्ब चांगला पेटला होता. मी म्हणालो, आता तारा काढा, झाकण लावा आणि पुन्हा खटका दाबा. बल्ब विडीच्या टोकाएवढा लाल झाला.

दुकानदाराने झाकण उलटं करून पाहिलं. आतली स्प्रिंग गंजून मारुतीच्या शेंदराच्या रंगाची झाली होती. करंटला दुसरी वाट राहू नये म्हणून त्याने झाकण आणि नळी यांच्यामध्ये कागद घातला, स्प्रिंग सेलावर दाबून धरली आणि झाकणातून येणारा करंट तारांवरून मीटरात घेतला. काटा शंभरावर गेला आणि तिथेच राहिला.

"तुजं मीटर खोटं बोलायलंय व्हय?" नाना म्हणाले.

"मीटर कशाला खोटं बोलंल, नाना? तुमी झाकणाचं विचारलंच न्हाई."

दुकानात मोजली होती ती उन्हात शेकलेली, झाकण नसलेली, मिनिटभर पेटवलेली बॅटरी. अशी बॅटरी आमच्या रानात कुणी वापरत नसे.

"झाकण घासायचं काम कुणाचं व्हतं?" नानांनी शेवटचा प्रयत्न केला.

"सेल तू भरतूस," आबा म्हणाले. "झाकण काय म्या उघडतो?"

पंच हसले. नानाही हसले, जरा उशिरा. वाटणीची गोष्ट त्या दिवशी निघालीच नाही. आबांना खरंच झोप लागली होती का, हे मीटरने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. फक्त नानांनी घाई करून आदल्या दिवशीच आपल्या वाट्याच्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढून ठेवले होते. लोकर कातरेपर्यंत ते काही गेले नाहीत. तोवर त्या अर्ध्या मेंढ्या उरलेल्या अर्ध्यांसोबत एकाच जाळीत बसत, आणि रानाचा मालक विचारी, या कुणाच्या? तेव्हा नाना म्हणत, "आमच्याच."