वीसच्या नोटेची जागा

कासुर्डीच्या पेट्रोलपंपावर बाळासोनं एकोणीस वर्षं काढली. अंगावर पंपाचा शर्ट, आणि शर्टावर शिवलेलं नाव दुसऱ्याचंच. आधीचा कामगार सोडून गेला की त्याचा शर्ट धुऊन पुढच्याला मिळे. सध्या छातीवर ‘शंभू’ होतं. ‘ए शंभू, दोनशेचं टाक,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की बाळासो निमूट टाकायचा.

दुपारी शिफ्ट बदलली की साऱ्या पंपाची रोकड मोजायचं काम त्याच्याकडे. पहिल्याच पगारात त्याला पन्नासची एक नोट आली होती. नंबर ४१७३०६. दुसऱ्या दिवशी गल्ल्यात दहाची नोट निघाली, तिच्यावरही ४१७३०६. पुढची अक्षरं वेगळी, आकडे मात्र सहाच्या सहा तेच. दहा लाख नोटांत एखादीच अशी सापडायची. बाळासोची शाळा सातवीत सुटलेली, हे गणित त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी अंगावर काटा आला. तेव्हापासून तो नोटा मोजता मोजता वाचू लागला. नंबर जुळला की आपल्या खिशातली तेवढीच नोट गल्ल्यात टाकायची आणि ती उचलायची. अशी शंभरची आली, पाचची आली, पाचशेची, दोनशेची आली.

“आप्पा, बँकेत जायचंय मला,” मॅनेजर ज्ञानेश दारातनं म्हणायचा. “नोटा मोजताय का पोथी वाचताय?”

राहिली होती फक्त वीसची. आणि वीसचं पेट्रोल कोण टाकतं? त्यात आता निम्मी माणसं खांबावरच्या कोडाला मोबाईल दाखवून निघून जायची. पूर्वी दोन्ही हातांत न मावणारी रोकड आता एका पिशवीत बसे.

पुण्याला नोटा जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. तिथल्या सुदर्शननं फोनवर त्याला सांगितलं होतं, “सातही नोटा झाल्या तर दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात एक काच तुमची. खाली पाटी लावू, ‘बाळासो, मु. पो. राहू, तालुका दौंड’. फक्त नोट जशी आहे तशी हवी. चिकटपट्टी नको, टाचणी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. प्लॅस्टिकमध्ये गेली की नोट मेली म्हणून समजा.”

बाळासोला नोटांपेक्षा पाटीच डोळ्यांपुढं दिसायची. घरी त्यानं यातलं अक्षर काढलं नाही. सगळ्या जमल्यावरच सांगू, म्हणजे कुणी हसणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

गेल्या आठवड्यात नोटा ठेवलेली डायरी उघडली, तर दहाच्या नोटेचा कोपरा कसरीनं खाल्लेला. जेवताना तो बोलून गेला, “नोटांना कसर लागली. कायतरी केलं पायजे.” सून सोनम वाढत होती. तिनं नुसतं ऐकून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी तो यवतच्या बाजारात गेला. भागुबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. तिच्याकडं वीसच्या नोटा भरपूर.

“आलं बँकेचं सायेब,” भागुबाईनं कनवटीचा बटवा काढला. “बाळासो, भाजी कवा नेणार तू? नोटा वाचून कालवण व्हतंय व्हय?”

“दे गं. दोन जुड्या घेतो.”

अकरावी नोट चार घड्या घातलेली, ओलसर होती. त्यानं ती मांडीवर उलगडली. ४१७३०६. त्यानं आकडे बोटानं एकेक करून तीनदा वाचले. भागुबाईला स्वतःची वीसची नोट दिली आणि जुड्या तिथंच विसरून निघाला.

“आरं, मेथी ऱ्हायली,” मागून भागुबाई म्हणाली.

राहूला घरी पोचला तर सोनम ओट्यावर वाट बघत होती. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टला, आणि ती गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला.

“मामा, डोळं मिटा.”

त्यानं मिटले. हातात काहीतरी गार, गुळगुळीत आलं. उघडून पाहिलं तर सहाही नोटा एका चकचकीत प्लॅस्टिकमध्ये, ओळीनं, अगदी सरळ.

“आता कसर न्हाई लागत. दोनदा मशिनमधनं काढलंय,” सोनम म्हणाली. “आन् ही बघा, समद्यांवर नंबर एकच, वीसचीच तेवढी डायरीत नव्हती, म्हून मधी तिची जागा सोडलीया. घावली की बाजूची पट्टी कापून बसवते.”

त्यानं नखानं कड चाचपली. कुठंच सुटत नव्हती. दुकानातल्या त्या मशिनला हात लावला तर चटका बसतो, हे त्याला माहीत होतं. प्लॅस्टिकचा डिंक त्या उष्णतेनं आता कागदात उतरला होता.

“बरं न्हाई झालं का?” तिनं विचारलं.

“लई झ्याक झालंय, पोरी.”

“घावली का आज वीसची?”

त्याचा हात खिशावर होता.

“न्हाई,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंपावर सुदर्शनचा फोन दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही. मोटारसायकलवरच्या एका कामगारानं एकशेऐंशीचं पेट्रोल घेऊन दोनशेची नोट दिली. बाळासोनं खिशातनं ती घड्यांची वीसची नोट काढली आणि परत दिली. गाडी सोलापूरच्या दिशेनं गेली. तिचा नंबर काय होता, हे त्यानं पाहिलं नाही.

दुपारी त्यानं रोकड मोजली, रबर लावलं आणि ज्ञानेशपुढं ठेवली.

“अरे वा आप्पा,” ज्ञानेश घड्याळाकडं बघत म्हणाला, “आज लवकर उरकलं की.”

“व्हय,” बाळासो म्हणाला. “उरकलं.”