पाळकसाहेबांची पहाटेची ढोलकी

आदरणीय दाविदराव पाळकसाहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तसं पाहिलं तर त्यांनी मला पहिल्या भेटीपासून चकितच करून सोडलं आहे. ती भेट झाली आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्याच्या बसथांब्यावर. मी मूळची इकडच्या पिंपळगाव राजाची, मलावीतल्या त्या खेड्यातल्या मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू व्हायला निघालेली. परदेशात सेवा करणारे पाळक म्हणजे कोट-टाय घातलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ असणार, असं मी धरून चालले होते. समोर उभे होते ते बाह्या दुमडून, सायकल धरून. ना नमस्कार, ना प्रवासाची चौकशी.

"सिस्टर, ढोलकी आनली काय?"

साहेबांच्या थोरल्या बंधूंनी धामणगाव बढ्याहून पाठवलेली ढोलकी मी वाटभर मांडीवर सांभाळत आणली होती. पाणीसुद्धा न विचारता ती त्यांनी आधी सायकलला बांधली.

दवाखान्यात तर मला रोज नवं काहीतरी दिसे. साहेब रुग्णांजवळ प्रार्थनेला बसत आणि उठताना त्याच हातांनी बेडपॅन उचलून नेत. पाळकांनी हे करावं का, असं मी एकदा विचारलंच. त्यावर ते हसले आणि मलाच बादली आणायला पाठवलं.

मग आला आमचा तिथला पहिला नाताळ. आपल्याकडे नाताळच्या पहाटे ढोलकी-टाळांवर भजनं म्हणत घरोघर फिरतात. तेच तिथे करायचं साहेबांनी ठरवलं. त्यांनी ढोलकी गळ्यात अडकवली, मी टाळ घेतले आणि दवाखान्याच्या अंगणात येशूजन्माचं भजन सुरू केलं. पहिलं कडवं संपायच्या आत चारी बाजूंनी माणसं धावत आली. बाया डोक्यावर हात मारून रडत होत्या. आम्हाला काही उमगेना.

त्या गावात सूर्य उगवण्याआधी ढोल वाजला, की कोणीतरी गेलं असाच त्याचा अर्थ. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

सर्वांत पुढे होती अग्नेस. तिचा नवरा आमच्याकडे छातीच्या दुखण्यानं दाखल होता. ती पायरीवर कोसळली आणि त्याचं नाव घेऊन आक्रोश करू लागली. साहेबांनी ढोलकी माझ्या हातात कोंबली, तिला धरून आत नेलं. नवरा खाटेवर बसून पेज पीत होता. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मटकन जमिनीवर बसली.

साहेबांनी त्या दिवशी दुभाष्याला बरोबर घेऊन दारोदार माफी मागितली. नाताळची उपासना नुसत्या टाळ्यांवर झाली. मग त्यांनी ढोलकी चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली.

"सिस्टर, जित्या मानसाच्या बायकोले म्या विधवा केलं. आता हे वाजवाचं नाही," एवढंच ते म्हणाले. माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

काही महिन्यांनी अग्नेसचा नवरा खरोखरच गेला. ती साहेबांच्या दारात आली तेव्हा मी तिथेच होते. शवपेटीची व्यवस्था विचारायला आली असेल, असं मला वाटलं. पण ती साहेबांकडे पाहून शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी तुमची ढोलकी खोटं बोलली. उद्या पहाटे तिला खरं बोलू द्या."

साहेबांनी कपाटावरची ढोलकी उतरवली आणि तिची चादर सोडली. गावकऱ्यांच्या शोकाचा ठेका साहेबांना येत नव्हता, म्हणून पहाटे त्यांनी तेच अर्धवट राहिलेलं भजन वाजवलं. या वेळी ते शेवटपर्यंत झालं. सारं गाव उभं राहून ऐकत होतं आणि अग्नेस ढोलकीवर एक हात ठेवून होती.

पुढच्या नाताळला गावकऱ्यांनीच साहेबांना वाजवायला बोलावलं. पण त्यांनी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन परवानगी विचारली आणि तो शिरस्ता पुढे कधीच मोडला नाही. मायदेशी परतल्यावर धामणगावातही नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते गल्लीतल्या प्रत्येक दारी जातात, मग घर हिंदूंचं असो, बौद्धांचं असो की आमचं. "कोनाले बरं नसन तं सांगा. उद्या वाजवू काय?" गेल्या वर्षी शेजारचे अंथरुणाला खिळलेले आजोबा आतूनच म्हणाले, "वाजवा, मले आयकाचं हाय." तेव्हा साहेबांचे डोळे भरून आले. मी आता धामणगावातच राहते, म्हणून हे पाहायला मिळालं.

पाळकसाहेब, देव आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य देवो. आपले हात असेच चालत राहोत आणि दरवर्षी आपण माझ्या दारी तो प्रश्न घेऊन या. माझं उत्तर आजच देऊन ठेवते : वाजवा. आणि ज्या पहाटे मी उत्तर द्यायला नसेन, त्या पहाटेही ढोलकी आपल्याच हातची असू द्या.