तीन परकर

आज नात्यातल्या एका लग्नाला निघताना आजारपणानं वाळलेल्या आईला साडी नेसवत होते, तेव्हा परकराच्या खळीचा वास आला आणि गंगापूर रोडवरचं नव्वदच्या दशकातलं आमचं घर आठवलं.

बाहेर मला बघायला आलेली मंडळी पोहे खात होती. आतल्या खोलीत आई मला कडक खळीचे परकर एकावर एक नेसवत होती, चांगले तीन. "अंगानं जरा भरलेली दिसशील," ती म्हणाली. नाडी बांधताना तिची बोटं थरथरत होती. मला वाटलं, तिला माझी लाज वाटते. मी आरशाकडे पाठ केली.

आज तीच हळूच म्हणाली, "आत अजून एक परकर घाल गं. लग्नात चारचौघं बघतील."

मी घातला. नाडी बांधताना माझी बोटं थरथरत होती.