मोहरेचा अंदाज

परवा मोबाइलवर जुन्या नाण्यांचा लिलाव चालला होता. सोन्याच्या एका मोहरेवर श्रीमंत शौकीन लाखालाखांनी बोली चढवत होते, आणि मला कुंभार पिंपळगावचं आमचं शेत दिसलं.

पाइपलाइनसाठी चर खोदताना माझ्या वडिलांना, अण्णांना, तशीच मोहर सापडली होती. ते आणि धाकटे काका बांधावर बसून तिच्या भावाचा अंदाज करत होते.

"लाखभर येतील," अण्णा म्हणाले.

"मुंबईचे शेठ धा लाख देतेत," काका म्हणाले. "तू मुद्दाम कमी सांगून राह्यला. मला पन्नास हजारावर वाटेला लावायचं हाय तुला."

अण्णांना हसू आलं. काकांनी कुदळीचा दांडा त्यांच्या कानशिलावर घातला. अण्णांनी पडता पडता काकांचा गळा आवळला. सोडवायला आई मधे शिरली, तर तिचं मनगट मोडलं. ढेकळांवर रक्त सांडलं होतं.

अण्णांचा तो कान कायमचा गेला. मोहर सरकारजमा झाली. दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

तेव्हा मलाही वाटलं होतं, काका म्हणतात ते खरं असेल, अण्णा मुद्दामच कमी सांगत असतील. आता कळतं, लाखाच्या पुढचा आकडा अण्णांनी जन्मात कधी तोंडातून काढलाच नव्हता.