कोणतं वावधन मोठं

आमच्या गावच्या पारावर एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे: कोणतं वावधन मोठं? वावधन म्हणजे धूळ, पाऊस, गारा सगळं सोबत घेऊन येणारं वादळ. मालेगावच्या बाजूनं आभाळ काळं झालं की हा विषय निघतो आणि आभाळ मोकळं झालं तरी मिटत नाही. निवडणुकीतसुद्धा माणसं इतकी हमरीतुमरीवर येत नाहीत.

मी पाहिलेली मोठी वावधनं तीन. पहिलं, मी सातवीत असतानाचं. तेव्हा घरांवर मातीच्या कौलांचे कवेलू होते आणि गारांनी ते असे फुटले, की चुलीपाशी बसून आभाळ दिसत होतं. आम्ही भावंडं डोक्यावर एक परात धरून कोपऱ्यात बसलो होतो. सकाळी चिंचेखाली मेलेले पोपट पडले होते. दुसरं, माझी मुलगी रांगत होती त्या वर्षीचं. शेतात बियाण्याचा कांदा पांढऱ्या गोंड्यांवर आला होता. पाव तासात नुसते दांडे उरले. माझी बायको धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून पाहत होती. दुसऱ्या दिवशी उठून ती ते दांडे उपटायला लागली.

तिसरं दोन वर्षांपूर्वीचं, वैशाखातलं. पारावर मी नेहमी या तिसऱ्याच्या बाजूनं भांडायचो.

"असं वारं बापजन्मी पाह्यलं नाही," मी म्हणायचो. "त्याच्यापुढं बाकीचे कायचे वावधनं?"

कोणी पहिल्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. लोक मला मान द्यायचे, कारण त्या वावधनात माझ्या घराचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मानाची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

झालं होतं असं. कवेलू काढून आम्ही घरावर टिनाचे पत्रे टाकले, तेव्हा बसवणारा म्हणाला होता, की छिद्रं पाडून हूक मारू, टिन पाइपाला आवळून बसतील. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी स्लॅब टाकायचा, मग हेच टिन गोठ्यावर चढवायचे. छिद्रं पडलेले टिन गळतात. आमच्याकडे असा हिशेब घरोघरी करतात. मग टिनांवर नाल्यातले मोठे दगड ठेवायचे, झालं. बायको तेव्हाच म्हणाली होती, "डोक्यावर दगड काहून ठेवता? हूक मारून टाका ना."

"एका सालाचा तर सवाल हाय," मी म्हटलं. "तुले काय समजते त्यातलं?"

ते एक साल पाच वर्षं चाललं. आधी बोअर निघाली, मग मुलीचं लग्न. स्लॅब राहून गेला.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वारं सुटलं. मी गोठ्यात गाय बांधत होतो. बायको अंगणात वाळत घातलेल्या कुरडया गोळा करून घरात पळाली. टिन उचलल्याचा आवाज मी ऐकला, आणि मागोमाग दगड आत पडल्याचा. मी पोचलो तेव्हा ती जमिनीवर आडवी होती आणि चहूकडे कुरडयांचा चुरा झाला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आता वॉकर धरून ती दारापर्यंत येते, तेवढंच. शेत तिनं तेव्हापासून पाहिलं नाही.

तिला गाडीत घालताना मी समोरच्या घराकडे पाहिलं होतं. त्यांनी हूक मारले होते. त्यांचा एक टिन हलला नव्हता. हे मी पारावर कधीच सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात पारावर शाळेच्या गुरुजींनी मोबाइलवर अमेरिकेतल्या टॉर्नेडोचे व्हिडिओ दाखवले. सोंडेसारखं वारं, गाड्या उडताहेत. तिथले लोकही म्हणे असंच मांडत बसतात, कोणत्या सालचे टॉर्नेडो मोठे. मी लगेच माझं घोडं पुढं दामटलं. गुरुजी म्हणाले, "तिथं वाऱ्याची ताकद पडझडीवरून ठरवतात. पण आधी पाहतात, घर बांधलं कसं होतं. कच्चं बांधलेलं घर पडलं म्हणून वारं मोठं ठरत नाही."

ते सहज बोलले. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. गाय पिळायची आहे असं सांगून मी उठलो, आणि दिवस तर चांगला डोक्यावर होता.

आठवड्यानं किन्हीराजाहून बायकोचा मोठा भाऊ तिला भेटायला आला. ती खाटेवर बसली होती. त्यानं वावधनाचा विषय काढला आणि सवयीनं मी सुरू झालो, की वारं असं होतं, तसं होतं, कोणाचंच काही चाललं नसतं.

"दादा," ती मधेच म्हणाली, "वारं दरसालसारखंच होतं. समोरच्याचे टिन हायेत ना अजून. आमच्या टिनाले हूक नव्हते, दगड होते."

तिचा आवाज चढलाही नव्हता. मला तिचा राग आला, अगदी खरा राग, पाहुण्यासमोर तोंडघशी पाडल्याचा. तो गेल्यावर मी दारातून परत आलो ते तणतणतच.

"दोन वर्सं काहून नाही बोलली मंग?"

ती वॉकर जवळ ओढत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले वाटलं, तुमीच म्हनसान कदीतरी."