झाकणाच्या आतल्या खुणा
पेट्रोलचा वास आला, की मला महाल भागातल्या म्हाताऱ्या घड्याळजींची वाटी आठवते. तिच्यात ते घड्याळांची चाकं धुतात. आई गेली त्याच वर्षी बाबांचं चावीचं घड्याळ बंद पडलं आणि मी ते त्यांच्याकडे नेलं. "चाळीस वर्षं रोज हातात आहे, एकदाही उघडलं नाही, सगळं ओरिजिनल," मी बाबांचंच वाक्य ऐटीत ऐकवलं. त्यांनी झाकण काढलं आणि भिंग माझ्या हाती दिलं. झाकणाच्या आत सुईने कोरलेल्या बारीक खुणांची रांग होती. "एक दुरुस्ती, एक खूण. सगळ्या माह्याच हातच्या. डायल तेवढी ओरिजिनल आहे, मशीन मीच बदलली," ते म्हणाले, "साहेब घड्याळ घरी ठेवून भिवापूरले वावरात मिरची तोडायले गेले, का घरच्या बाई हे घेऊन येत. साहेबायले सांगू नका म्हणत. यंदा काहून नाही आल्या?" मी भिंग त्यांच्या हाती परत दिलं. घरी बाबा दारातच उभे होते. "झाकण उघडलं तर नाही न गा त्यानं?" "नाही बाबा," मी म्हणालो. यंदाही बाबा घड्याळ घरी ठेवून मिरचीला गेलेत, मी ते घेऊन दुकानात आलोय, आणि पेट्रोलची ती वाटी आत्ता माझ्यासमोर आहे.