शेवटच्या विटेआधी

खाणीत गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणायचे, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला टांगतात त्या वजनावरून. उभा सरळ, मान खाली, तोंडातून शब्द नाही. बहीण खऱ्या नावाने हाक मारायची तेव्हा तो क्षणभर इकडेतिकडे बघायचा.

तेवीस वर्षं त्याने जमिनीखाली भिंती घातल्या. कोळसा संपलेला बोगदा बंद करायला भिंत. आग लागली, तर तिची हवा तोडायला भिंत. या कामाची एक रीत होती. शेवटची वीट लावण्याआधी थापीच्या मुठीने भिंतीवर तीनदा ठोकायचं आणि मनात शंभर मोजायचे. आतून काही ऐकू आलं नाही, तरच वीट लावायची.

चार वर्षांपूर्वी खालच्या थरात आग लागली. सगळे वर आले, बहिणीचे यजमान, दाजी, आले नाहीत. अकरा तासांनी साहेबांनी भिंत घालायला सांगितली. त्या वायूत माणूस दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणाले. धूर वाढत होता. मागून कोणीतरी सारखं "आटप, आटप" म्हणत होतं. ओळंब्याने भिंत घातली.

वर आल्यावर ताईने एवढंच विचारलं, "ठोकलंस ना?"

तो म्हणाला, "हो."

ताई त्याच्याकडेच राहायला आली. दोघं एका टेबलावर जेवत. या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

मग खाणही बंद झाली. तोंडं उघडी ठेवून चालणार नव्हतं. पोरं आत शिरतात, गुरं पडतात, वायू बाहेर येतो. कोळसा वर काढायच्या उभ्या विहिरीवर काँक्रीटची लादी पडली. बाजूचे दोन बोगदे ओळंब्यानेच बंद केले. राहिलं ते उताराचं तोंड, माणसं चालत आत जायची ते.

त्या सकाळी डबा भरताना ताई म्हणाली, "आज शेवटचं ना? मी येते."

"तिथे काय बघायचंय?"

"बघायला नाही येत."

तोंडाशी दोरी बांधली होती. ताई दोरीपलीकडे उभी राहिली. सुरक्षेच्या साहेबांनी वायूचं यंत्र आत धरलं, आकडा वहीत लिहिला आणि मान डोलावली. आदल्या आठवड्यात ओळंब्याने लाकडी टेकू काढून टाकले होते. लाकूड कुजलं की भिंतीला फट पडते. दोन्ही बाजूंच्या खडकात खाच पाडून त्याने भिंत तिच्यात रुतवली होती. खाली पाण्यासाठी वाकडा पाइप, वर वायू तपासायला तोटीची नळी. दुपारपर्यंत खांद्याच्या उंचीवर एकच भोक राहिलं. त्यातून गार हवा येत होती.

ओळंब्याने थापी उलटी धरली आणि तीनदा ठोकलं.

शंभर झाले. तो हलला नाही.

"मिस्त्री, आतून कोणी चहा विचारणार नाही," सिमेंट कालवणारा म्हातारा मजूर म्हणाला. "लावा वीट." मग त्याला ताई दिसली. त्याने फावडं उचललं आणि उगाचच कालवलेलं पुन्हा कालवायला लागला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. ओळंब्याचे दोनशे झाले, तीनशे झाले. हवा तोंडावर येत राहिली. आत काहीच वाजलं नाही.

"ताई," तो भोकाकडेच बघत म्हणाला, "त्या दिवशी मी ठोकलं नव्हतं."

फावडं थांबलं.

"माहितीये," ताई म्हणाली.

तो वळला. "कोणी सांगितलं?"

"तूच. हो म्हणायचं असलं की तू नुसती मान हलवतोस. लहानपणापासून. त्या दिवशी 'हो' म्हणालास."

तिचा आवाज घरात मीठ मागतानाचा होता. ती रडली नाही. त्यालाही रडू आलं नाही. हात मात्र थापीवरून सुटेना.

"लाव आता," ती म्हणाली. "सिमेंट सुकतंय."

भिंत जाड होती; त्याने भोकात विटा सरकवल्या, एकामागे एक. शेवटची लावली. हवा थांबली. सांधा पुसला, ओळंबा सोडून बघितलं. भिंत सरळ होती. उद्या बाहेरून मातीचा भराव पडणार होता.

डबा तसाच राहिला होता. ताईने तो उचलला. दोघं चालत निघाले.

घरी तिने बूट दाराबाहेर काढायला लावले. हात धुवायला पाणी दिलं. मग विचारलं, "चहा टाकू?"

ओळंब्याने मान हलवली.